होडीबद्दल, सविस्तर

साउदॅम्प्टन,
रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर होडीचा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा "तिकडे थंडी कितपत आहे?" असं विचारतात. थंडी आहे तेवढीच आहे. म्हणून म्हटलं, यावेळी पत्रच लिहावं. पत्रात मला मध्येच कोणी तोडणार नाही, आणि बाबांना सवडीने चष्मा लावून दोनदा वाचता येईल.

आधी पैशांचं सांगते, कारण आम्ही भलतीच महागडी होडी घेतली असं शेजारच्या काकूंनी आळीभर सांगितलंय, ते मला कळलं आहे. आम्ही दोघांनी घेतलेली शिडाची होडी जुन्या मोटारीच्या भावात मिळाली. वेस्टर्ली सेंटॉर नावाचा प्रकार आहे, २६ फूट लांब. इथून जवळच, पोर्ट्समथच्या बाजूला वॉटरलूव्हिलला १९६९ ते १९८० या काळात अशा २४०० हून अधिक होड्या बांधल्या गेल्या. म्हणजे आमची होडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. आत चार माणसं झोपू शकतात, पण एकाला कूस बदलायची असेल तर बाकीच्यांना कळवावं लागतं. दोन बर्नरची शेगडी आहे, एक बारकं मोरीएवढं संडास आहे आणि एक डिझेलचं इंजिन आहे. होडीपेक्षा ती ठेवायची जागा महाग पडते. धक्क्याला बांधायचं भाडं ऐकून आम्ही सरळ हॅम्बल नदीच्या मधल्या बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, ती बांधली. आता तिच्यापर्यंत जायला आणखी एक छोटी रबरी होडी वल्हवत जावं लागतं. काकूंना एवढं सांगितलंस तरी पुरे.

आई, तुझा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. "पोटासाठी जातात दर्यावर. हौसेला कोण जातं?" हर्णैच्या घरात वाढलेल्या बाईने हा प्रश्न विचारला की त्याला पटकन उत्तर देऊ नये, एवढं मला कळतं. आजोबा शिडाचा मचवा घेऊन जायचे तेव्हा मागे घरात काय वातावरण असायचं ते तू मला कधी नीट सांगितलं नाहीस, पण आभाळ भरलं की तू अजून अंगणात येऊन पश्चिमेकडे बघतेस, ते मी लहानपणापासून पाहिलंय. मामाच्या होडीला इंजिन आलं, वायरलेस आला, मोबाइल आला, तरी तुझं बघणं काही थांबलं नाही.

मला सुचलेलं उत्तर असं आहे. आजोबांना वारा बघून घरी बसणं परवडत नव्हतं. मला परवडतं. शुक्रवारी संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघायचा, वारा सहाच्या बळाचा, म्हणजे चांगलाच जोराचा, सांगितला असेल तर पिशव्या उघडून डबे परत फ्रिजमध्ये ठेवायचे, की झालं. इथे शिकवतात त्यातला बराच भाग न जाण्याचाच आहे. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. पाच दिवसांच्या त्या वर्गात आम्ही दोरांच्या गाठी, शिडं आणि नांगर यांत गुंतलो होतो, आणि त्या मात्र रोज सकाळी प्रत्येकाला एकच विचारायच्या: आज जायचं का, आणि नाही तर का नाही? इंग्लंडमध्ये स्वतःच्या अशा छोट्या होडीसाठी परवानाच लागत नाही. वायरलेसवर बोलायला लागतो, होडी हाकायला नाही! सहल कशी करणार ते निघण्याआधी ठरवणं मात्र छोट्या होड्यांनाही बंधनकारक आहे. मला हे आधी विनोदी वाटलं होतं, आता वाटत नाही.

बाबा, आता तुमचा भाग. तुम्ही दापोली डेपोत वाहतूक नियंत्रक होतात ना, तर इथला समुद्र तुम्हाला माझ्याआधी कळेल. सोलेंट म्हणजे इंग्लंडचा किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्यामधली समुद्राची पट्टी. तिथे भरती-ओहोटीचं पाणी नुसतं वर-खाली होत नाही, ते आडवं धावतं. साधारण साडेपाच तास पश्चिमेला, मग उरलेला वेळ पूर्वेला. पट्टीच्या पश्चिम टोकाला हर्स्ट नावाची चिंचोळी जागा आहे, तिथे उधाणाला पाणी ताशी चार सागरी मैलांहून जास्त वेगाने जातं. आमची होडी चांगल्या वाऱ्यात पाच करते. उलट्या पाण्यात सापडलो तर शिडं फुगलेली, फेस उडतोय, आणि किनाऱ्यावरचं तेच झाड अर्धा तास शेजारी. म्हणजे हे सगळं एसटीच्या वेळापत्रकासारखंच आहे: गाडी तुमच्यासाठी थांबत नाही, पण ती कधी सुटणार हे वर्षभर आधी छापलेलं असतं. पोर्ट्समथच्या भरतीच्या तासभर आधी पाणी पश्चिमेला वळतं. त्यावेळी हॅम्बलच्या तोंडाशी हजर असलं की बेटावरच्या यार्मथ बंदरापर्यंतचे पंधराएक मैल पाणीच तुम्हाला नेतं.

गोम अशी की इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा. म्हणजे पाणी पश्चिमेला जायला लागलं की वारा बरोबर त्याच्या तोंडावर. दोघे एकमेकांशी भांडतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना ओहोटी आणि समोरून वारा असला की बोट कशी आपटायची आठवतं? तसंच, फक्त तास न् तास. तेव्हा पाण्याबरोबर जायचं तर वारा समोरून घ्यायचा, की वारा मवाळ असेल त्या दिवसापर्यंत थांबायचं, हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो. मला ह्याच हिशेबाची चटक लागली आहे, खरं सांगते. शिडं वगैरे नंतर.

आणि मामाला एक सांगा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे त्याचं गणित मी इथे लावून पाहिलं. पौर्णिमेला पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. पोर्ट्समथलाही उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारासच असते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, सहाच्या आसपास. उन्हाळ्यात हे लोक घड्याळ एक तास पुढे करतात तेवढा मिळवायचा. छापील तक्त्याशी थोडा फरक पडतो, पण कालनिर्णय हातात धरून इंग्रजांच्या समुद्राची वेळ सांगितली तेव्हा आमच्या बाई चकित झाल्या. मला विचाराल तर मामाच्या गणिताला इथे एक प्रमाणपत्र द्यायला हवं.

साउदॅम्प्टनमध्ये मात्र त्याचंही गणित अडेल. इथे भरती दोनदा येते. पाणी चढतं, किंचित उतरतं, आणि सुमारे दोन तासांनी पुन्हा चढतं. मग उतरायला लागलं की भसाभस, चारएक तासांत खलास. बेटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी येतं म्हणून असं होतं, असं कोणीही छातीठोकपणे सांगतं. ते खरं नाही. सगळी इंग्लिश खाडीच उथळ आहे, तिच्यात पाणी पूर्व-पश्चिम हिंदकळतं, आणि त्या हिंदकळण्याच्या मधल्या भागात हे शहर येतं म्हणून भरतीचा आकार असा मोडतो. मोठाली जहाजं या बंदराला पसंती देतात ती यामुळेच, त्यांना खोल पाणी जास्त वेळ मिळतं.

जहाजांवरून आई घाबरेल, म्हणून तेही लिहिते. चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं आमच्या समोरून जातात. त्यांना थांबता येत नाही, वळताही येत नाही. शिडाच्या होडीला इंजिनच्या होडीने वाट द्यायची हा नियम आहे खरा, पण अरुंद खाडीत या जहाजांपुढे तो दाखवायचा नसतो. इथल्या बंदराचा कायदाच आहे: दीडशे मीटरहून मोठं जहाज ठरावीक पट्ट्यात आलं की त्याच्या पुढे हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर कोणीही जायचं नाही. पुढे बंदराची गस्तीची होडी असते. आम्ही तो पट्टा सोडून, जिथे जहाज येऊच शकत नाही अशा उथळ पाण्याच्या कडेने जातो. उथळ म्हणजे किती, तर मध्ये ब्रॅम्बल बँक नावाचा वाळूचा पट्टा आहे, तो उन्हाळ्याच्या शेवटी मोठ्या ओहोटीला तासभर उघडा पडतो, आणि दोन क्लबांची माणसं होडीतून तिथे उतरून क्रिकेट खेळतात. समुद्राच्या मध्यभागी, गुडघाभर डबक्यात. बाबा, ह्या देशाने आपल्यावर राज्य कसं केलं असेल, असा प्रश्न मला अशा वेळी पडतो.

होडी कलंडते, हेही फोटोत पाहून तू धसकली होतीस. आई, ती कलंडायलाच हवी. तिच्या वजनाचे जवळपास चाळीस टक्के खाली पाण्यातल्या दोन लोखंडी कीलमध्ये, म्हणजे तळाला लावलेल्या जड पात्यांमध्ये, आहेत. वारा वरून ढकलतो, ते वजन खालून परत ओढतं. जितकी जास्त कलेल तितका शिडावरचा वारा निसटतो आणि खालचं वजन जास्त जोर धरतं. तरी पंधरा-वीस अंशांपलीकडे मी जाऊ देत नाही. त्याआधीच मोठं शीड खाली घेऊन त्याचा एक पट्टा बांधून आखूड करायचं. होडीचा वेगही त्याने कमी होत नाही, उलट सुकाणूचा दांडा हातात हलका होतो. सुरुवातीला मला वाटायचं, शीड ताणून घट्ट धरलं की होडी पळते. पळत नाही. फडफडेपर्यंत सोडायचं, मग फडफड जेमतेम थांबेल इतकंच ओढायचं, आणि वारा बदलला की पुन्हा सोडायचं. वाऱ्याच्या अगदी समोर कुठलीच होडी जात नाही. आमची तर पन्नासएक अंश बाजूलाच ठेवावी लागते. नागमोडी जायचं, चार मैल लांबच्या जागेसाठी सहा-सात मैल. तुझ्या भाषेत, वळसा घालून मुक्कामाला.

दोन कील असल्याचा मोठा फायदा म्हणजे ओहोटीत पाणी गेलं तरी होडी आडवी पडत नाही, चिखलात दोन पायांवर सरळ बसते. बेटावर न्यूटाउन क्रीक म्हणून खाडी आहे. तीन फूट पाणी असलं की आम्ही आत जाऊ शकतो, आणि ते तीन फूटही आटले की सहा तास जेवण, झोप, पत्ते. आजूबाजूला पक्षी चिखल टोचत असतात. तिसऱ्या (शिंपल्या) मिळतात का, हे तू विचारशीलच. संरक्षित जागा आहे, काही उचलत नाही.

पाण्यात पडण्याबद्दल. लाइफजॅकेट चोवीस तास अंगावर, पाण्याचा स्पर्श झाला की ते आपोआप फुगतं. वारा चढला की जॅकेटचा पट्टा होडीला अडकवलेला. एप्रिलात इथलं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. पोहता येण्यापेक्षा पहिल्या मिनिटात श्वास सांभाळणं महत्त्वाचं. म्हणून आम्ही बादली बांधलेला एक फुगा मुद्दाम पाण्यात टाकतो आणि तो परत उचलायचा सराव करतो. तुमच्या जावयांनी त्या फुग्याला माझं नाव ठेवलंय. खरं तर त्यांनाच लाट लागते, पण ते मान्य करत नाहीत, फक्त क्षितिजाकडे बघत बोलणं बंद करतात. वेळ आलीच तर इथे आर.एन.एल.आय. नावाची संस्था आहे, १८२४ पासून समुद्रातल्या माणसांना वाचवणारी. त्यांच्या बचावबोटींवरची बहुतेक माणसं बिनपगारी, आपापली नोकरी सोडून धावत येणारी. आम्ही वर्षाला त्यांना वर्गणी देतो आणि ती वसूल होऊ नये अशी इच्छा करतो.

बाबा, तुम्ही दिलीप दोंदेंचं नाव काढलंत ते ऐकून बरं वाटलं, पण तुलना नको. त्यांनी २००९ च्या ऑगस्टात मुंबईहून निघून पुढच्या मे महिन्यात एकट्याने पृथ्वीला वळसा घातला, तोही गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'मधून. मी अजून इंग्लिश खाडी ओलांडलेली नाही. पुढच्या वर्षी पलीकडे फ्रान्समधल्या शेरबूरपर्यंत जायचं मनात आहे, साठ-सत्तर मैल, रात्रीचा प्रवास. आईला आत्ताच सांगू नका. (आई, वाचलंस तर वाचलंस.)

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघांनी जुलैत यावं. तेव्हा तसाही मामाच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तिकडे पावसाने सगळं ठप्प असतं. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, तो या आठवड्यात नूतनीकरणाला टाका. बाकीचे कागद मी इथून पाठवते. आईच्या गुडघ्यांचा विचार केलाय. होडीत उतरायच्या पायऱ्या उभ्या आहेत, तेव्हा तिला खाली उतरायची गरज नाही, बाहेर बसायच्या जागेत उशा टाकून देते. चढताना रबरी होडीही नको, त्या दिवसापुरता धक्का भाड्याने घेऊ.

सोबत पोर्ट्समथच्या भरतीच्या तक्त्यातलं जुलैचं पान जोडलंय. बाबा, त्यातून आपला यार्मथचा दिवस तुम्ही निवडा. शनिवार किंवा रविवार हवा, भरती सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान हवी, आणि आई सोबत असणार म्हणून ऐन उधाण नको. तक्त्यातल्या वेळा हिवाळी घड्याळाच्या आहेत, एक तास मिळवायला विसरू नका. निदान दोन पर्यायी दिवसही काढून ठेवा. वारा सहाचा किंवा त्याहून जास्त सांगितला तर रद्द.

मामा-मामींना नमस्कार. पिंकीला अभ्यासाबद्दल मी काही विचारणार नाही म्हणून सांगा, तरच ती फोनवर येईल.

तुमची,
मनू

ता. क. कोणी इकडे येणारं असेल तर त्यांच्याबरोबर आलेपाक पाठव, जरा जास्तच. जावयांसाठी आहे असं डब्यावर लिहू नकोस.