टेप मी आणते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे-नवी मुंबईतल्या शालेय फुटबॉल सामन्यांना मी अकरा वर्षं पंच म्हणून उभी राहते. गेल्या महिन्यात ऐरोलीच्या एका मैदानावर आम्हा बारा पंचांची दम तपासणारी यो-यो चाचणी झाली. त्यात आम्ही बायका तिघी. वीस मीटर पळायचं, बीपला वळायचं, पुढच्या बीपच्या आत परतायचं. मग दहा सेकंदांत पाच मीटर चालत जाऊन यायचं, की पुन्हा पळा. वेग वाढतच जातो.

अठरा फेऱ्यांनंतर, म्हणजे ७२० मीटरला, मी थांबले. कागदावर माझ्यापुढे आलं, ‘व्हीओटू मॅक्स ४२.४. कमी.’ व्हीओटू मॅक्स म्हणजे जोरात पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं, त्याचं माप.

मला राहवेना. संध्याकाळी घरातली मोठी टेप घेऊन परत गेले. वळायच्या जागी लावलेले प्लास्टिकचे कोन उचलले होते, पण फक्कीच्या खुणा तशाच होत्या. अंतर भरलं २१ मीटर ४० सेंटिमीटर. पावलं टाकून मोजलेलं, दुसरं काय! म्हणजे मी थांबले तेव्हा बीप ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाचा आणि आम्ही पळतोय साडेपंधराने. पुरुषांनाही तेवढंच पळावं लागलं, हे कबूल. म्हणून तर म्हणते, बाराही जणांची चाचणी पुन्हा घ्या.

आता तो ४२.४. पळालेले मीटर गुणिले ०.००८४, अधिक ३६.४. बाई असो की पुरुष, सूत्र एकच. या हिशोबाने मी बाकावर शेंगा खात बसले असते तरी ३६.४ मिळाले असते! शरीर खरोखर किती ऑक्सिजन वापरतं हे बघायचं तर तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर पळवावं लागतं. मैदानावरचा आकडा हा अंदाज. अंदाजाला माझी ना नाही. त्याच्या दशांशावरून कुणाला सामने द्यायचे ते ठरवू नका.

फिफाच्या चाचणीत तर पंच काय पळतो तेच बघतात: ४० मीटरच्या सहा स्प्रिंट, मग ७५ मीटर पळणं आणि २५ मीटर चालणं, असं चाळीस वेळा. महिलांसाठी वेळ थोडी जास्त. पुरुषांचे सामने हवेत तर वेळही पुरुषांचीच. हे मला पटतं.

२०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत आमच्या नेरूळला झाली. तिथून ऐरोली ती किती लांब! पुढच्या वेळी टेप मी आणते. फक्त कोन लावताना मला जवळ उभं राहू द्या.

आपली,
एक महिला पंच, नेरूळ