दोन एलचं वेल्स

ब्रिस्टल, 14 एप्रिल

प्रिय अनघा,

तुझा आणि काकूंचा मे महिन्यातला बेत कळला. बाथहून सकाळची बस, दुपारभर इंग्लंडमधलं वेल्स गाव आणि संध्याकाळी परत. हा बेत बदल, एवढंच सांगायला हे पत्र. वेल्समध्ये एक रात्र राहा. तिथल्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि सगळ्यात देखणी खिडकी पूर्वेला. अकराला येऊन चारला परतणाऱ्यांच्या हाती ना सकाळचं ऊन लागतं, ना संध्याकाळचं.

आधी नावाचा घोळ निस्तरते. मराठीत वेल्स देश आणि वेल्स शहर सारखंच लिहितात. इंग्रजीत शहराच्या नावात दोन एल आहेत. नॉर्फकच्या किनाऱ्यावर वेल्स-नेक्स्ट-द-सी नावाचं तिसरंच गाव आहे. आपलं वेल्स सॉमरसेट परगण्यातलं, तेव्हा खोली बुक करताना पत्त्यात सॉमरसेट आहे ना, एवढं बघ. गावात रेल्वे नाही. प्रवासी गाड्या 1963 साली बंद झाल्या. बाथहून 173 नंबरची बस येते, ब्रिस्टलहून 376. दोन्हीकडून तास-सव्वा तास धर. कार्ड टेकवून तिकीट निघतं. रविवारी बस कमी असतात, म्हणून मंगळवारी ये आणि बुधवारी नीघ. बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो.

मंगळवारी दीडच्या आत जेवून घ्या. पुष्कळ पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात, आणि काकूंना उपाशी फिरवू नकोस. सालासकट भाजलेला बटाटा आणि बीन्स बहुतेक ठिकाणी मिळतं. चेडर चीज मात्र विचारून घे. पारंपरिक चेडरमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, घातलेलं असू शकतं. शाकाहारी चीजवर तसं छापलेलं असतं.

जेवण झालं की व्हिकर्स क्लोज. चौदाव्या शतकातली ही गल्ली, दोन्ही बाजूंना एकसारखी घरं आणि उंच धुराडी. खालच्या कमानीतून बघितलीस तर खूप लांब वाटेल. वरच्या टोकाला जाऊन मागे वळलीस की तीच गल्ली आखूड दिसते. वरचं टोक खालच्यापेक्षा साधारण 3 मीटरनी अरुंद आहे, त्यामुळे नजर फसते. घरांत लोक राहतात, तेव्हा खिडक्यांत डोकावू नकोस.

पाचला कॅथीड्रलच्या दारात हजर राहा. सांजप्रार्थना, म्हणजे ईव्हनसाँग, आठवड्याच्या दिवसांत बहुधा सव्वापाचला असते. वेळ दारातल्या फलकावर बघून घे. एरवी आत जायला तिकीट पडतं, प्रार्थनेला नाही. धर्म कुणी विचारत नाही. बाकीचे उठले की उठायचं, बसले की बसायचं, फोन बंद. पाऊण तास मुलांचे आवाज त्या दगडी छतापर्यंत चढत जातात. काहीही झालं तरी हे चुकवू नकोस. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मात्र शाळांना सुट्टी असते आणि गाणारी मुलं बहुधा नसतात, म्हणून तो आठवडा टाळ.

बाहेर आलात की लगेच खोलीवर जाऊ नका. समोरच्या हिरवळीच्या पार टोकाला जाऊन दर्शनी भागाकडे तोंड करून बसा. सुमारे 300 मध्ययुगीन पुतळे तिथे शिल्लक आहेत. मे महिन्यात साडेआठपर्यंत उजेड असतो. तिरपं ऊन कोनाड्यांत शिरलं की दुपारी सपाट दिसणाऱ्या चेहऱ्यांना नाक-डोळे येतात.

बुधवारी दार उघडताच आत जा, सरळ पूर्वेच्या टोकाला. तिथली 1340 च्या सुमाराची सोनेरी खिडकी सकाळीच बघायची, पिवळा आणि हिरवा रंग तेव्हाच पेटतो. मागे फिरलीस की कात्रीसारख्या प्रचंड कमानी दिसतील. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. मधला मनोरा 1313 पासून उंच बांधत नेला, त्याच्या भाराने पाया खचला आणि भेगा पडल्या. मग 1338 ते 1348 या काळात तीन बाजूंना हे टेकू दिले. आजही मनोरा त्यांच्यावरच तोललेला आहे.

कॅथीड्रलमधल्या जुन्या घड्याळापाशी पाव तास भरायच्या पाच मिनिटं आधी उभी राहा, आणि जरा लांबच. जवळ गेलेल्यांना तबकडी दिसते, पण उजवीकडे उंचावर बसलेला जॅक ब्लँडिफर नावाचा पुतळा निसटतो. तो टाचांनी घंटा वाजवतो. तबकडीच्या वर घोडेस्वार फिरतात आणि प्रत्येक फेरीत त्यांतला तोच एक आडवा पडतो. तबकडी 24 तासांची आहे, माध्यान्ह वर आणि मध्यरात्र खाली. घड्याळ 1390 च्या सुमाराचं. मूळ यंत्र आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

दक्षिणेकडच्या बाजूला एका खांबाच्या माथ्यावर द्राक्षचोर कोरलेत. खांबाभोवती फिरत बघ: चोरी, मग एकाचा धरलेला कान, शेवटी दुसऱ्याच्या डोक्यात घाव. जवळच बोटाने ओठ ताणून दुखरा दात दाखवणारा माणूस आहे. चॅप्टर हाउसचा, म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूंच्या सभागृहाचा, जिना मात्र काकूंसाठी अवघड आहे. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, म्हणून भिंतीच्या कडेने चढायचं. वर एकाच खांबातून छताच्या 32 फासळ्या माडाच्या झावळ्यांसारख्या फुटतात. काकूंना जमलं नाही तर त्यांना घड्याळापाशी बसव आणि तू एकटी वर जाऊन ये.

मग बिशप्स पॅलेस, म्हणजे बिशपचा खंदकाने वेढलेला वाडा. खंदकाभोवती फिरायला पैसे पडत नाहीत, बागेला तिकीट आहे. ते काढच, कारण ज्या झऱ्यांवरून गावाला नाव पडलं ते आत आहेत. मेंडिप टेकड्यांवरचं पावसाचं पाणी चुनखडीत मुरतं आणि इथे वर येतं. पंधराव्या शतकात बिशप बेकिंग्टनने ते गावाला दिलं. हाय स्ट्रीटच्या कडेच्या पन्हळीत आजही ते वाहतं, तेव्हा चालताना पायाखाली बघा. दरवाज्यावरच्या खोलीच्या खिडकीखाली हंसांसाठी घंटेची दोरी लोंबते. भूक लागली की ते चोचीने ओढतात. त्याची वेळ ठरलेली नसते. दिसलं तर नशीब. त्यांना पाव घालू नका.

बाजाराच्या चौकात फरसबंदीत एक लांबी आखलेली आहे: 6.76 मीटर. मेरी रँड याच गावची. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने एवढी लांब उडी मारून विश्वविक्रम केला. एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाकडे बघ.

दुकानं पाचला मिटतात. काकूंना स्वेटर घे, कॅथीड्रलमध्ये मे महिन्यातही गारठा असतो. खोली ठरली की तारीख कळव, बसच्या वेळा मी बघून पाठवते.

तुझी,
मीरा