एका वहीबद्दल ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताईंना,

सादर नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या एकटीच्या हाती देऊ शकलो असतो. ते उघडपणे लिहायचे ठरवले, कारण स्वमग्न मुलांच्या पालकांचा जो गट तुम्ही इतकी वर्षे चालवत आला आहात, त्याच्या दारापर्यंत येऊन, आत गेल्यावर लोक आपल्याला काय म्हणतील या धास्तीने परत फिरणारे माझ्यासारखे आणखीही कुणी असतील, आणि त्यांच्याही वाचनात ते यावे असे मला मनापासून वाटते. तुमचे नाव लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही हे मला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती आणि सात पदार्थ खात होती. त्याच्या सहा महिने आधी ती अकरा पदार्थ खात असे. मधले चार मी बंद केले होते. दूध आणि गहू थांबवले की मूल बोलू लागते, असे एका सल्लागाराने आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते, आणि मुलीने तोवर एकही शब्द उच्चारलेला नसल्यामुळे आम्हाला त्या छातीठोकपणाचाच आधार वाटला. रात्री मी वाचत बसत असे, सकाळी स्वयंपाकघरात नवा नियम लागू होत असे, आणि तो पाळण्याचे सगळे कष्ट माझ्या पत्नीच्या वाट्याला येत असत: पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचायची, भांडी वेगळी ठेवायची, पीठ वेगळे ठेवायचे आणि जे मूल मुळातच नव्या वासाने तोंड फिरवते त्याच्यापुढे रोज काहीतरी नवे ठेवून ते परत उचलायचे. चार महिन्यांत मुलीचे वजन दीड किलोने उतरले. मी सल्लागाराला विचारले, तेव्हा तुमच्याच घरात कुठेतरी गव्हाचा कण जात असणार, असे उत्तर मिळाले. ते मी घरी येऊन पत्नीला जसेच्या तसे ऐकवले. या पत्रातले हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

आईला बोल लावण्याची ही रीत या विषयात किती जुनी आहे, हे पुढे तुमच्याकडूनच कळले. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, ओळख करून दिली खरी, पण आईवडिलांच्या, त्यातही आईच्या, भावनिक थंडपणामुळे मूल असे होते हा समज त्यानंतर कितीतरी वर्षे डॉक्टरमंडळींतही टिकून होता. तो मोडून काढण्यात पालकांचाच मोठा वाटा होता. ब्रिटनमध्ये १९६२ साली पालकांनी संस्था उभी केली, तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग होत्या. अमेरिकेत १९६५ साली तशीच संस्था बर्नार्ड रिमलंड यांच्या पुढाकाराने निघाली. आणि हे दोघेही स्वतः स्वमग्न मुलांचे पालक होते. त्याच रिमलंड यांनी पुढे जीवनसत्त्वांच्या आणि आहाराच्या उपचारांचाही हिरिरीने पुरस्कार केला. तुम्ही म्हणाला होतात की ज्या हट्टाने पालकांनी स्वतःवरचा खोटा आरोप झुगारला, त्याच हट्टाने ते मुलाच्या ताटात उत्तर शोधू लागले, म्हणून आहाराबद्दल बोलताना पालकाचा हट्ट कधी हिणवू नये. ते मला पटले, आणि स्वतःकडे पाहताना त्याचा उपयोगही झाला.

पहिल्या भेटीत तुम्ही आम्हाला आहाराबद्दल काहीच विचारले नाही. तुम्ही विचारलेत, "ती शौचाला किती दिवसांनी जाते?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो, कारण तिच्या पोटात काय जाते याचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या आम्हाला हे सांगता आले नाही. तेव्हा तुम्ही ती निळ्या पुठ्ठ्याची वही आमच्या हातात दिलीत. उभ्या रेघा तुम्हीच आखल्या होत्या: वेळ, पुढे काय ठेवले, त्यातले काय खाल्ले, पुढच्या दोन तासांत काय दिसले, झोप, शौच. तीन आठवडे काहीही बदलू नका आणि मनाने काही ठरवू नका, फक्त दिसेल ते लिहा, एवढेच तुमचे सांगणे होते.

सोळाव्या दिवशी पत्नीने मला वहीची चार पाने एकापुढे एक मांडून दाखवली. संध्याकाळी मनगट चावणे, टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभे राहणे आणि रात्री दोनला जागे होणे या तिन्ही गोष्टी शौच न झालेल्या तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी येत होत्या. मनगटाचे ते चावणे आम्ही ऑटिझमच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो, आणि प्रत्यक्षात तिचे पोट दुखत होते. डॉक्टरांनी जुनाट बद्धकोष्ठाचे निदान करून औषध सुरू केले, आणि सहा आठवड्यांत मनगटावरचे वळ गेले. स्वमग्न मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात, न बोलणारे मूल आपले दुखणे वागण्यातून सांगते, आणि त्या तक्रारींची तपासणी कोणत्याही मुलाची करावी तशीच नीट करावी, हे आज मी कुणालाही सांगू शकतो. त्या दिवशी मात्र मी फक्त ती पाने पाहत बसलो होतो.

गव्हाचीही शहानिशा तुम्ही करायला लावलीत. सीलिअ‍ॅक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा विकार, असेल तर गहू आयुष्यभर बंद ठेवावाच लागतो, पण त्याची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते. आधीच बंद केला असेल तर रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि अहवाल फसवा येऊ शकतो. ही इतकी महत्त्वाची गोष्ट गहू बंद करायला सांगणाऱ्याने आम्हाला सांगितली नव्हती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू काही आठवडे पुन्हा सुरू केला, तपासणी झाली आणि आजार नाही असे ठरले. अहवाल उलट आला असता तर गव्हाशिवायचा स्वयंपाक मीच तुम्हाला शिकवला असता, असे तुम्ही पत्नीला म्हणाला होतात. तिने ते अनेकदा आठवून सांगितले आहे.

त्यानंतर एका रविवारी मी माझी वाचनाची सगळी कात्रणे घेऊन तुमच्याकडे आलो. माझ्या मनात वाद घालायचे होते. तुम्ही चहा बाजूला सारून एकेक कात्रण माझ्याबरोबर वाचलेत. दूध आणि गहू यांच्यातल्या प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात, या तर्काचे मूळ १९७९ साली याक पँकसेप या मेंदूसंशोधकांनी मांडलेल्या कल्पनेत आहे. नॉर्वेत २००२ साली वीस मुलांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात आहाराचा फायदा दिसला होता, पण कोणते मूल आहारावर आहे हे त्यात पालकांना माहीत होते. अमेरिकेत २००६ साली पंधरा मुलांवर बारा आठवडे केलेल्या अभ्यासात ते पालकांपासून आणि संशोधकांपासूनही लपवले गेले, तेव्हा मोजमापांत फरक आढळला नाही. तरीही काही पालकांना सुधारणा जाणवली होती. २०१६ साली चौदा मुलांच्या तशाच काटेकोर अभ्यासातही परिणाम दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असे वर्ज्य आहार वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. हे अभ्यास लहान आहेत हेही तुम्ही सांगितलेत. बोलताना तुमच्या आवाजात सरशी केल्याचा भाव कुठेही नव्हता, आणि शेवटी तुम्ही म्हणालात की तुम्ही स्वतः तुमच्या मुलाला चार वर्षे याच आहारावर ठेवले होते.

तुमचा मुलगा आज तेवीस वर्षांचा आहे आणि दूध अजूनही पीत नाही, कारण त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्याला पचत नाही. त्याचा ऑटिझमशी संबंध नाही, पोटाशी आहे. लॅक्टोज काढलेल्या दुधात केसिन हे प्रथिन, ज्याच्यासाठी या आहारात दूध वर्ज्य करतात ते, तसेच राहते, हा साधा भेद मला तोवर कळलेला नव्हता. दूध बंदच ठेवायचे असेल तर त्यातून मिळणारे कॅल्शियम दुसरीकडून यायला हवे आणि अमेरिकेतल्या शिफारशीनुसार चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम लागते, हेही तुम्हीच आमच्या आहारतज्ज्ञांकडून आम्हाला समजावून घ्यायला लावलेत. स्वमग्न मुलग्यांची हाडे पातळ आढळल्याचा आणि दूध वर्ज्य असलेल्यांत ते जास्त प्रमाणात दिसल्याचा २००८ सालचा अभ्यास मी नंतर वाचला, तेव्हा माझ्या मुलीचे वाया गेलेले महिने डोळ्यांपुढे आले.

आहाराने मेंदूचे नुकसान खरोखर टळते अशी उदाहरणेही आहेत, हे सांगायला तुम्ही विसरला नाहीत. फिनाइलकीटोन्यूरिया हा, प्रथिनातला एक घटक शरीराला पचवता न आल्याने मेंदूला इजा करणारा, जन्मजात आजार १९३४ साली नॉर्वेतल्या आस्ब्योर्न फ्योलिंग यांनी शोधला तो एका आईने आपल्या दोन मुलांसाठी पिच्छा न सोडल्यामुळे, आणि १९५० च्या दशकात त्यावर खास आहार तयार झाला. तिथे नेमके काय बिघडले आहे हे रक्तात मोजता येते. हा फरक ज्याला कळला त्याला आहाराची टवाळीही करता येत नाही आणि त्याच्या नावाने काहीही विकताही येत नाही.

मुलीचे सात पदार्थ वाढवण्याचे काम सर्वांत संथ होते. ती एकाच आकाराची, एकाच पाकिटातली बिस्किटे खात असे आणि तुकडा पडलेले बिस्किट बाजूला सारत असे. पाकिटाचा रंग बदलला तेव्हा तिने तीन दिवस बिस्किट खाल्ले नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही तिला आवडणाऱ्या उकडलेल्या बटाट्यापासून सुरुवात केली. त्याच मापाच्या फोडी, त्याच वाटीत, आणि शेजारच्या छोट्या बशीत रताळ्याची एकच फोड. आग्रह नाही, कौतुक नाही. पहिले नऊ दिवस बशी दूर सरकवली गेली. मग एक बोट लागले. मग ते बोट हुंगले गेले. चौतिसाव्या दिवशी तिने फोड दातांत धरली, बाहेर काढली, तिच्यावर उमटलेली दातांची खूण बराच वेळ न्याहाळली आणि पुन्हा तोंडात घातली. पत्नीने माझा हात घट्ट धरला होता, कारण आनंदाने ओरडायचे नाही असे आमचे ठरले होते.

या सर्वांपेक्षा मी तुमच्या गटाचा जास्त ऋणी आहे. आधी आम्ही ज्या मंडळींत होतो तिथे आहार थांबवल्याचे कळताच, तुम्ही मुलीवर पाणी सोडलेत का, असे आम्हाला विचारले गेले होते. तुमच्याकडे दोनच नियम आहेत: इथे कुणी काही विकायचे नाही, आणि दुसऱ्याच्या मुलाच्या डब्यात डोकावून 'का' किंवा 'का नाही' विचारायचे नाही. आज गटातली काही कुटुंबे गहू आणि दूध टाळतात, बरीच टाळत नाहीत, आणि दोघांच्या डब्यांवर वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या असतात, त्या केवळ अदलाबदल होऊ नये म्हणून. पालकाला जवळ करण्यासाठी त्याचा कशावर विश्वास आहे ते विचारावे लागत नाही, हे मी तुमच्याकडे प्रथम पाहिले.

मागच्या वर्षी पत्नी आठ दिवस रुग्णालयात होती, तेव्हा चार कुटुंबांनी मुलीचे जेवण सांभाळले. काही मदत लागली तर सांगा, असे मोघम कुणीही म्हणाले नाही. बटाट्याच्या फोडी किती मापाच्या, वाटी कोणत्या रंगाची, पाणी उजवीकडे ठेवायचे की डावीकडे, हे विचारणारे फोन आले. त्यातल्या एका ताईंच्या घरात सहा वर्षे गव्हाचा कण आलेला नाही, कारण त्यांच्या मुलाला खरोखरच सीलिअ‍ॅक आहे. त्यांनी आमच्या मुलीची ती बिस्किटे आणली, वेगळ्या झाकणबंद डब्यात घालून स्वतःच्या दाराबाहेरच्या फळीवर ठेवली, आणि रोज दुपारी डबा घेऊन, हात धुऊन, आमच्या घरी येऊन तिच्यापुढे बसत राहिल्या. आठही दिवस बिस्किटे अखंड होती.

मुलगी आता चौदा पदार्थ खाते. ती बोलू लागलेली नाही. चित्रांच्या कार्डांनी सांगते, आणि जेवताना सर्वांत जास्त वापरले जाणारे कार्ड 'पुरे' हे आहे. ती ते माझ्या बाजूला सरकवते आणि मी बशी उचलतो. या कार्डाला घरात सगळ्यांनी मान द्यायचा, असे तुम्हीच बजावले होते.

पुढच्या रविवारी एक नवे कुटुंब येणार असल्याचे तुम्ही कळवले आहे आणि त्यांनीही मुलाचा गहू नुकताच बंद केला आहे. तपासणीचा क्रम आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी एका कागदावर लिहून आणतो. नव्या वहीला रेघा पत्नी आखते आहे. आम्ही तिघे थोडे लवकर येऊ, म्हणजे खुर्च्या लावून होतील.

आपला कृतज्ञ,
एका मुलीचा बाबा