दाब न मोजता बदललेल्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मर्सिडीज २८० ई (१९८२) ची चुकीची दुरुस्ती, मूळ भाग व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

गाडी तुमच्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये दिली तेव्हा तिची तक्रार एकच होती. इंजिन गरम झाले की आयडलिंगला थरथरायचे आणि हलक्या रेसवर मिसिंग व्हायचे. हायवेला पिकअप उत्तम होता. सहाही प्लगचे फोटो मी जॉब कार्डासोबत दिले होते: चार तपकिरी (म्हणजे ठीक), दोन पांढरेफटक (म्हणजे तिथे हवेच्या मानाने पेट्रोल कमी). तुम्ही फ्युएल डिस्ट्रिब्युटर (सहाही इंजेक्टरना पेट्रोल वाटणारा भाग) आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिनच्या तापमानानुसार पेट्रोलचा दाब बदलणारा भाग) बदलून ८६,४०० रुपये घेतलेत. गाडी थरथरतच परत आली, वर काळा धूर सोडू लागली.

या गाडीचे भाग महाग असतात, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ते बदलण्याआधी तुम्ही काहीही मोजले नाही, हे मला मान्य नाही.

गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक पेट्रोल-इंजेक्शन यंत्रणा आहे. तिला स्कॅनर लागत नाही. इंजेक्टर सतत फवारत असतात आणि किती पेट्रोल जायचे ते हवेने हलणारी तबकडी व पेट्रोलचा दाब मिळून ठरवतात. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्या मध्ये प्रेशर गेज जोडल्याशिवाय या दोन्ही भागांना दोषी धरताच येत नाही. सिस्टिम प्रेशर (यंत्रणेतला मुख्य दाब) ५ बारच्या आसपास आणि गरम इंजिनवर कंट्रोल प्रेशर (वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो तो दाब) साधारण साडेतीन बार मिळाले, तर दोष दुसरीकडे शोधायचा. तुमच्या जॉब कार्डावर प्रेशरचा रकाना कोरा आहे. गेज आहे का, असे मी विचारले, तर सर्व्हिस अॅडव्हायझरने विषय ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर नेला. 'जुन्या गाड्या आता अशाच चालणार' असे त्यांचे म्हणणे.

इथेनॉलने मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, हे खरे आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे साडेतेरा पट, आणि माझ्या गाडीत धुरावरून मिश्रण ओळखणारा ऑक्सिजन सेन्सर नसल्याने ती स्वतःला सावरू शकत नाही. पण पेट्रोलचा परिणाम सहाही सिलिंडरवर सारखाच होईल. दोनच प्लग पांढरे का, याचे उत्तर ई-२० मध्ये मिळत नाही.

ते आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे मिळाले. चालू इंजिनवर त्याच दोन इंजेक्टरच्या बुडाशी त्यांनी कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारला आणि आरपीएम लगेच बदलला. रबरी सील कडक होऊन तडकली होती, गाडी तिथून एअर घेत होती. ही हवा तबकडीवरून येत नाही, म्हणून तिच्या वाट्याचे पेट्रोलही मिळत नाही. आयडलिंगला मुळात हवा कमी, त्यामुळे गळतीचा त्रास तेव्हाच जास्त जाणवतो. सहाही इंजेक्टरची सील बदलली आणि मिसिंग थांबले. हा खर्च तुमच्या बिलाच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नाही.

थरथर मात्र थोडी उरलीच. मिस्त्रींनी सहा इंजेक्टर सहा बाटल्यांत सोडले, पंप चालू करून तबकडी हलवली. एका बाटलीत पेट्रोल उघड कमी आले. डिस्ट्रिब्युटर तुम्ही बसवलेला 'रिकंडिशन्ड'. शिवाय मिश्रण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू इतका रिचकडे (जास्त पेट्रोलकडे) फिरवलेला होता की पीयूसीला सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) ३ टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली. गळती शोधण्याऐवजी ती झाकली गेली, असाच याचा अर्थ मी घेतो.

माझा मूळ डिस्ट्रिब्युटर 'स्क्रॅपमध्ये गेला' असे मला तोंडी सांगण्यात आले. मी त्याला लेखी संमती दिलेली नाही. असे मूळ भाग आता सहज मिळत नाहीत. तो बिघडला होता याचा एकही पुरावा तुमच्याकडे नाही आणि मला तो परत हवाच आहे.

माझ्या मागण्या अशा: दोन्ही मूळ भाग परत करावेत, बिलाची पूर्ण रक्कम परत द्यावी आणि तुम्ही बसवलेले भाग घेऊन जावेत. मूळ डिस्ट्रिब्युटर खरोखरच नष्ट केला असेल, तर तसे लेखी कळवून बाटल्यांच्या चाचणीत माझ्यासमोर पास झालेला डिस्ट्रिब्युटर बसवून द्यावा. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
गाडीमालक

सोबत: बिल, जॉब कार्ड व पीयूसी चाचणीची प्रत, प्लग आणि बाटल्यांचे फोटो