काकाजी, त्या रात्रीच्या फिल्मसाठी

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. हे सगळं जिना चढून सांगता आलं असतं. पण तुमच्यासमोर बसलो की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणत चहा पुढे करता आणि सांगायचं राहून जातं. शिवाय तलावाकाठी गाळपेर करणाऱ्या इतरांनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

नोकरी नागपुरात असली तरी माझा जीव उमरेडकडच्या वावरात असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तलावाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही चना आणि गहू पेरतो. थंडी पडली की तिथे बदकं येतात. आम्ही त्यांना बदकंच म्हणायचो. दिवसभर पाण्यात निवांत, आणि अंधार झाला की कोवळ्या पिकात. सकाळी धुऱ्यावर उभं राहावं तर पाण्याकडच्या तासांचे शेंडे खुडलेले आणि ओल्या मातीत पडद्याच्या पायांचे ठसे. बाबांनी वर्षानुवर्षं डबे वाजवले. मी सुतळी बॉम्ब फोडले.

मागच्या जानेवारीत रात्रभर जागल करून परतलो, तेव्हा तुम्ही जिन्यात भेटलात. रागाच्या भरात मी काय काय बोललो ते आठवलं की आजही वाईट वाटतं. तुम्ही उपदेश केला नाही. एवढंच म्हणालात, "रात्री जेवून वर ये, एक फिल्म लावतो."

तिबेटच्या पठारावरचं ते तळं अजून डोळ्यांसमोर आहे. गवतात एक पक्षी चरत होता. करडं अंग, पिवळी चोच, पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. मी ओरडलोच, "थांबवा! हे तर आमच्या वावरातलं बदक!" तुम्ही चित्र थांबवलंत आणि त्याचं नाव सांगितलंत: पट्टकादंब. इतकी वर्षं ज्याला हाकललं त्याचं नाव मला चाळिशीत कळलं.

मग त्यांची रांग हिमालयाच्या बर्फावरून निघाली. मला वाटलं होतं, वारा ढकलत असेल, पक्षी नुसते तरंगत असतील. तुम्ही मध्येमध्ये थांबवून समजावत गेलात. पाठीवर यंत्र बसवून माग काढला तेव्हा यांच्यातला एक ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला. एव्हरेस्टचा बेस कॅम्प साधारण ५,३६० मीटरवर, आणि तिथे धडधाकट माणसालाही धाप लागते. हा पक्षी दोन-तीन किलोचा, आणि पंख मारत मारतच चढतो. वाऱ्याच्या भरवशावर बसत नाही. उलट बरेचदा रात्री किंवा पहाटे निघतो, कारण गार हवा दाट असते, पंखाला धरायला मिळते. त्याचं रक्तही विरळ हवेतला प्राणवायू आपल्या रक्तापेक्षा चांगला धरून ठेवतं. आणि एकदम उंच जाऊन सरळ रेषेत उडत नाही. डोंगर उतरला की तोही उतरतो, पुढचा आला की पुन्हा चढतो. त्यात ताकद कमी लागते.

त्या रात्री झोप आली नाही. हिवाळा सरला की ते परत निघतात, म्हणजे सगळी चढण तेव्हा समोर असते. त्या वाटेची शिदोरी ते आमच्यासारख्यांच्या वावरातून बांधून घेतात. आणि मी त्यांना रात्रभर उठवत होतो. प्रत्येक बॉम्बसरशी सगळा थवा उडायचा, अंधारात घिरट्या घालायचा. कमावलेली ताकद तिथेच जायची.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला तेव्हाच म्हटली होती आणि आजही म्हणतो. त्या फिल्ममध्ये शेतकरी कुठेच नव्हता. तुम्ही ते लगेच मान्य केलंत, आणि पुढच्या रविवारी पहाटेच्या गारठ्यात माझ्या मागे गाडीवर बसून वावरात आलात. या वयात! त्यासाठी तुमचे आभार फिल्मपेक्षाही जास्त.

धुऱ्याआड बसून तुम्ही दुर्बीण माझ्या हातात दिलीत. बाकीचे माना खाली घालून चरत होते, एक तेवढा मान ताठ करून उभा होता. थोड्या वेळाने त्याने मान खाली घातली आणि दुसऱ्याने वर केली. आमच्या जागलीसारखीच पाळी! उजाडल्यावर तुम्ही पावलं मोजत वावर फिरलात. खुडलेलं पीक बहुतेक पाण्यालगतच्या पट्ट्यात निघालं. आत तुरळकच. मला मात्र दरवर्षी अर्धं वावर गेल्यासारखं वाटायचं.

यंदा तो पट्टा त्यांच्यासाठीच पेरला. नुकसान आहेच, नाही कशाला म्हणू? पण आतल्या चन्याला घाटे चांगले धरलेत आणि सुतळी बॉम्ब आणले नाहीत. बाबा अजून कुरकुरतात. परवा मात्र तेच संध्याकाळी तलावाकडे बघत म्हणाले, "आज चाळीसेक आहेत."

तुमची दुर्बीण माझ्याकडेच आहे. ते निघेपर्यंत राहू द्या. त्याआधी एक रविवार काढा, काकूंनाही घेऊन या. आईने वांग्याच्या भरिताचं आणि भाकरीचं आमंत्रण दिलंय.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा