बाप होणाऱ्या मुलास

पेडणे, गोवा

चि. बाबू, अनेक आशीर्वाद.

मेधाचे दिवस भरत आले आणि चवथही तोंडावर आली. सोयर आलं तर गणपती कोणी पुजायचा, ही चिंता तुझ्या बाबांवर सोड. ते आत्ताच भटजींशी बोलून बसलेत. तू मात्र हे नीट वाच. माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, घाबरलेले नवे बाप मी पोटभर बघितलेत.

जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ असतं ना, ते चांगलं तीन-चार महिन्यांचं असतं. तुझ्या हातात येईल त्याच्या अंगाला पांढरा चिकट थर असेल, डोळे सुजलेले, डोकं लांबुडकं. बाहेर येताना डोकं दाबलं जातं, काही दिवसांत आपोआप गोल होतं. कोणी तेल लावून दाबायला आली तर सरळ नाही म्हण. पांढरा थर घासायचा नाही, तो कातडीला जपतो. पहिला दिवस आंघोळही नको. तळहात-तळपाय निळसर दिसले तरी चालतं. ओठ आणि जीभ गुलाबी हवी. टाळू उडताना दिसेल, तीही उडू दे. छाती जरा सुजलेली असते, मुलगी झाली तर लंगोटाला रक्ताचा बारीक डागही लागतो. आईच्या हार्मोन्समुळे होतं ते, जातं. पण ती छाती पिळायला टपलेली एखादी आजी प्रत्येक घरात असते. तिला बाळाजवळ एकटी सोडू नको.

पहिली शी काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट. बोटाने खोबरेल तेल लाव, मग ओल्या मऊ कापडाने पूस. नुसत्या पाण्याने ती पसरते फक्त. दोन-तीन दिवसांनी हिरवट आणि मग पिवळी होते. पिवळी झाली की समज, दूध पोटात चाललंय.

दुधावरून घरात सगळ्यात जास्त गोंधळ होणार. पहिल्या तासातच बाळाला छातीला लावायचं. सुरुवातीला येतो तो चीक, घट्ट आणि थोडाच, पण बाळाला तेव्हा तेवढाच लागतो. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. वजन उतरतं, 10 टक्क्यांपर्यंत सुद्धा, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. त्यामुळे आत्या "दूध पुरत नाही गो" म्हणाली की लगेच डबा आणायला धावू नको. आधी शू मोज, पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी हव्यात. पाणी, गुटी काही नाही, 6 महिने फक्त अंगावरचं दूध. मध तर वर्षभर बोटालाही नको, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

नाळेला हळद, पावडर, तेल काही लावायचं नाही. कोरडी ठेव, लंगोट तिच्या खाली बांध.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसतं, ते बहुतेकांचं होतं. कोवळं ऊन दाखवा म्हणतील, पण या पावसात ऊन आणणार कुठून? आणि ऊन हा कावीळीवरचा उपचारही नव्हे. लागलाच तर हॉस्पिटलात निळ्या दिव्याखाली ठेवतात. मात्र पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, किंवा तो तळपायापर्यंत उतरला, तर थांबायचं नाही. तसंच बाळ दूध ओढेनासं झालं, अंग ढिलं सोडलं, मिनिटाला 60 च्या वर श्वास घ्यायला लागलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर रात्र असो की चवथ, गाडी काढायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेधा उगीचच रडेल. कारण विचारत बसू नको. बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत ये आणि तिला तासभर झोपू दे. हे रडणं दोन आठवडे उलटूनही थांबलं नाही तर माझ्यापासून लपवू नको, डॉक्टरला दाखवू. आणि चवथीला येणारी पाहुणेमंडळी दारातूनच बाळ बघतील, मुका घेणार नाहीत. वाईटपणा माझ्या नावावर घाल.

माझी जुनी सुती लुगडी धुऊन, फाडून ठेवलीत. शनिवारी बाबा म्हापशाला येतील तेव्हा त्यांच्याकडून घे. विकतचे हातमोजे घेऊ नको.

तुझी,
आई