स्कूटी काहून विकली

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर बाबा दोनच शब्द बोलले, "काहून विकली?" आणि फोन आईकडे दिला. आईनं नळाचं विचारलं, जेवणाचं विचारलं, स्कूटीचं नाव काढलं नाही. म्हणजे घरात त्यावरून बोलणं झालंय, एवढं मी समजले. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

आधी लपवलेलं सांगते. मागच्या श्रावणात बीड बायपासवर मी पडले. खडीवरून चाक घसरलं. मागून खडीचा हायवा ट्रक येत होता, त्यानं कचकन ब्रेक मारला. मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टा होता, बाकी काही नाही. पोळ्याला आले नाही ते ऑडिट होतं म्हणून नाही, हातामुळं. आई, रागावू नको. रागावलीस तरी आता वर्ष होत आलंय.

स्कूटीबरोबर घरही बदललं. बायपासपलीकडचं, इथल्याच सातारा परिसरातलं आधीचं घर मोठं होतं, गॅलरीतून डोंगर दिसायचा, हे खरंच. पण तिथून सिडकोतल्या ऑफिसला जायचं म्हणजे आधी बायपास, मग शिवाजीनगरचं रेल्वे फाटक. फाटक पडलं की दोन्हीकडून गाड्या रस्ताभर पसरायच्या आणि उघडल्यावर समोरासमोर अडकायच्या. मग भुयारी मार्ग झाला. पावसाळ्यात त्यात पाणी. उन्हाळ्यात घरी टँकर आणि पावसाळ्यात रस्त्यात तळं, असं आमचं चाललेलं.

आता उस्मानपुऱ्यात दोनच खोल्या आहेत, आणि खालच्या चक्कीचा आवाज सकाळी सातला सुरू होतो. पण क्रांती चौक पायी पंधरा मिनिटांवर. तिथून जालना रोडनं शहर बस मिळते. ही बस जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली, पण इतकी वर्षं मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. स्कूटी असलेल्या माणसाला बस दिसतच नाही. अमरप्रीत, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको. या रस्त्यावर एवढे उड्डाणपूल बांधले, तरी एक पूल उतरून दम घ्यावा तर पुढचा सिग्नल लाल. आता तो लाल सिग्नल ड्रायव्हरचा, माझा नाही. मी खिडकीत बसून डब्याच्या पिशवीवर हात ठेवून झोपते. एकदा चिकलठाण्यापर्यंत गेले, कंडक्टरनं उठवलं.

सगळं चांगलंच आहे असं नाही. कधी बस वीस मिनिटं येत नाही आणि मग एकामागं एक दोन येतात. संध्याकाळी उशीर झाला तर रिक्षा, आणि इथं मीटरचं नाव काढलं की रिक्षावाला आपल्याकडं पाहुण्यासारखा बघतो. शेअरिंगमध्ये पुढं ड्रायव्हरजवळ बसायला सांगतात. मी बसत नाही, दुसरी बघते.

बाबा, तुम्ही हिशेब मागणार. भाडं साडेतीन हजारांनी वाढलं. पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि टँकरचा वाटा मिळून दोन हजार वाचतात, त्यातले पाच-सहाशे बस-रिक्षात जातात. म्हणजे महिन्याला दोन हजारांची खोट आहेच. ती जमवून दाखवत नाही. मान दुखायची थांबलीय, ती या वहीत कुठं लिहायची ते तुम्हीच सांगा.

खरं कारण वेगळंच आहे. सातारा परिसरात मी चार वर्षं राहिले, तुम्ही दोनदा आलात. दर वेळी बाबांचं एकच, "स्टेशनावर घ्यायला कोण येणार? तिला रजा पडते." स्कूटीवर तुम्हा दोघांना एकदम आणता यायचं नाही, रिक्षावाला तिकडं यायचे तीनशे मागायचा. आता स्टेशन दीड-दोन किलोमीटरवर आहे.

बाबांना पंच्याहत्तरी झालीय, एसटीत आधार कार्ड दाखवलं की पैसे लागत नाहीत. आईला अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० मध्ये कोरोनात गेली ती गेलीच. तरी तुम्ही रेल्वेनंच या. सेलू ते इथपर्यंत एसटीत गुडघे मुडपून बसायचं आणि जालन्यापर्यंत लघवीला थांबायचं, फुकट असलं म्हणून काय झालं? सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस बरी. एकेरी रूळ आहे, क्रॉसिंगला कुठं तरी थांबवतील, तेव्हा बाबांनी खाली उतरून चौकशी करत फिरू नये.

ज्वारी आणू नका. धपाटे आणा, करडईचं तेल थोडं आणा, बस्स. पिशव्या दोनच. जिना आहे, पण एकच मजला, आणि मधे बसायला कट्टा आहे.

येत्या रविवारी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. करमाड स्टेशन गेलं की मिस कॉल द्या. तिथून गाडीला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच मला घरून चालत स्टेशनला यायला लागतो.

तुमची,
माई